पाचगणी न पाहिलेली मुलगी

हे मी रागात लिहितेय. राग जिरला की लिहीन म्हटलं होतं, पण तो काही जिरेना.

माझी भाची सांगलीला माझ्याकडे राहून बी.कॉम. करत होती. भाऊ माझा जतकडचा, मेंढरांवाला. त्याची अट एकच. कॉलेज संपताना नोकरी लागली तर पोरगी इथं राहील, नाहीतर बघून ठेवलेल्या स्थळाला होकार. पोरीला ते स्थळ नको होतं.

अशात कॉलेजात पुण्याहून एक सर आले, पोरांना नोकरीलायक करायला. म्हणजे काय, तर मुलाखतीत काय बोलायचं ते सगळ्यांकडून घोकून घ्यायचे. कणीक मळता मळता आमची पोर इंग्रजीत म्हणायची, मला प्रवासाची आवड आहे.

मी म्हटलं, "खरंच की गं! मेंढरांमागं घाट उतरून पार कोकणात गेलीस तू."

"आत्या, मेंढरांचं काढायचंच न्हाई म्हणालेत सर. पाचगणी सांगायचं. चांगलं वाटतंय."

माधवनगरला एका कारखान्याच्या ऑफिसात मुलाखत झाली. कुठं कुठं फिरलात? हिनं सांगितलं, पाचगणी. तिथं काय पाहिलंत? आता ही काय सांगणार, कपाळ! म्हणाली, डोंगर. साहेब हसले. म्हणाले, "डोंगर काय, या खिडकीतूनही दिसतो." पुढं काही विचारलंच नाही. नोकरी गेली.

मी तडक कॉलेज गाठलं. सर सर्टिफिकेटं वाटून फोटो काढून घेत होते.

"आजी, तिचा कॉन्फिडन्स कमी पडला," म्हणाले.

"लांडगा आला तरी मेंढरं सोडून पळाली न्हाई ती! खोटं तुमी शिकवलं आणि कमी ती पडली व्हय?"

"मार्केटमध्ये टिकायचं तर थोडं वेगळं दाखवावं लागतं."

"मग तुमीच बसा की मार्केटात, वांग्यांच्या शेजारी."

पोरं खदखदून हसली. सरांचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं, नाही कशाला म्हणू? पण घरी आले तर पोरगी तशीच भिंतीला टेकून बसलेली.

रविवारी भाऊ आला. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"आक्का, ठरलं हुतं आपलं."

"तुझं ठरलं हुतं. तिला कोण इचारलं?"

"पोरगा मिलिटरीत हाय, ऊस हाय, पाणी हाय. वाईट काय हाय त्यात?"

"तिला नको हाय, ह्ये वाईट हाय."

तो पोरीची बॅग उचलून मोटारसायकलला बांधायला लागला. पोरगी माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आत्या, जाते."

भाऊ खेकसला, "येते म्हणावं गं! एवढी शिकलीस आणि एवढं कळंना?"

"गप रं," मी म्हटलं. "लय दिवसांनी कुणी न पढवलेलं बोललीय ती. ऐकून घे."