दीपाचं नाव यादीत नव्हतं

टेम्पो शाळेच्या पटांगणातून निघाला तेव्हा दीपाला मी कपड्यांच्या गाठोड्यांमध्ये टेकवून बसवलं होतं. नऊ वर्षांची पोर, पण पाय जन्मापासून लुळे. ताई, तुम्ही थोरल्या जाऊ, टेम्पोमागून फाट्यापर्यंत चालत आलात. "तिला घट्ट धर गं," एवढंच म्हणालात.

दरडीत घर गेलं, ते तुम्हाला काय सांगायचं, तुमचंही गेलंच. पण त्या शाळेतल्या छावणीतली एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. मदतवाल्यांची एक मुलगी वही घेऊन आली. "मुलं किती?" मी म्हटलं, "एक मुलगा आहे." पोरं मोजून सांगू नयेत, नजर लागते, एक कमीच सांगावं, हे आई लहानपणापासून बजावायची. सवयीनं तोंडातून गेलं. पण मग ओंकारच कसा आठवला, दीपा का नाही? नजर म्हणू की लाज, माझं मलाच कळत नाही.

त्या वहीवरूनच पुढे सगळं वाटलं गेलं. दप्तरं आली, खेळ घेणाऱ्या बाया आल्या, न चालणाऱ्या मुलांसाठी चाकाच्या खुर्च्यासुद्धा आल्या. दीपा मागच्या वर्गात, साडीच्या पडद्याआड. "आई, मला का नाही बोलवत?" तिला पाठुंगळी घेऊन मी धावत गेले, तर म्हणे यादी पुढे गेली. असा राग आला! पोर डोळ्यांसमोर दिसत होती ना? पंधरा दिवस ते मदतवाले त्याच शाळेत वावरत होते, मागच्या वर्गात एकदा डोकावले असते तर काय बिघडलं असतं? पण कुणाच्या नावानं बोटं मोडू? सुरुवात मीच केली होती.

इथे मीरा रोडला, पूनम सागर सोसायटीत, ह्यांना वॉचमनची नोकरी लागली. पार्किंगला लागून खोली आहे. पहिले काही महिने मला नुसतं गुदमरायला व्हायचं. उत्तनच्या कोळीवाड्यातून येणारी मासेवाली "आज कोलंबी न्हाय" म्हणाली तरी गावचीच बोली वाटायची, मी तिला उगाच थांबवून ठेवायचे. मग चौथ्या मजल्यावरच्या मॅडमनी दीपाला पाहिलं. त्या अशाच मुलांच्या शाळेत शिकवतात. त्यांनीच फॉर्म भरले, खुर्ची मिळवून दिली, शाळेत घातलं. आता पोर एकटी गेटपर्यंत जाते, दुकानदाराला "भैया, पेन देना, नीलावाला" म्हणते. घरातही हिंदी फाडते, तेव्हा मी ओरडते. आणि मनात हसते.

परवा तुम्ही नव्या घराचा फोटो पाठवलात. दरडीत घरं गेलेल्यांसाठी बांधलेल्यांतलं आमच्या वाटणीचं पक्कं घर, पुढे ओटा, अंगणाला जागा. मी आनंदानं रडले, हे तर सामान बांधायच्या गोष्टी करायला लागले. दीपानं फोटो मोठा करून पाहिला.

"चार पायऱ्या आहेत," ती म्हणाली. "म्हणजे तिथे मी आतच राहायचं ना?"

पूर्वी घर म्हटलं की मला अंगण दिसायचं, तुम्ही सगळे दिसायचात. आता कुठलंही घर पाहिलं की आधी दाराकडे लक्ष जातं, पोर एकटी बाहेर पडेल का.

कधी येताय, विचारलंत. ताई, पायऱ्यांच्या बाजूनं उतार करून मिळेल का, तेवढं घरं बांधणाऱ्या त्या लोकांना विचारा. आणि मिळाला तरी मी येईन की नाही, ते मात्र मला विचारू नका. मला खरंच माहीत नाही.