गीत : पारंपरिक

हे किस्से मी जसे घडले तसे सांगतोय की नाही, याची मला खात्री नाही. बबन म्हणतो, "सर, तुमी सांगितली की गोष्ट लई शानी होती. घडली तवा येवढी शानी न्हवती!" मौखिक परंपरेवर पीएचडी केलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं.

बबनचं नागापूरला लेथचं वर्कशॉप होतं आणि वरच्या मजल्यावर रेकॉर्डिंग स्टुडिओ. निवृत्तीनंतर मी तिथे गाण्यांचे शब्द तपासायला जायचो. कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी हाकललंही नाही. जिन्याखाली चपला साठायच्या तसे तिथले किस्सेही साठत गेले. कुठली चप्पल कुणाची, हे आता मला सांगता येत नाही. म्हणून फक्त शेवंताचेच सांगतो. ते मी बबनला विचारून तपासून घेतले आहेत.

*

शेवंता खर्ड्याची. आईवडील ऊसतोडीला जायचे, तीही जायची. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्ध्या वर्षाची. पण गाणी स्वतः रचायची, स्वतः चाल लावायची.

मशीन बंद असलेल्या सुट्टीच्या दिवशीच आमचं रेकॉर्डिंग चाले. पहिल्या दिवशी तिने तोंड उघडलं आणि बबनने कानावरचा हेडफोन उपटून काढला. "ताई, जरा मागं सरा." ती सरली. "अजून मागं." ती दारात गेली. "अजून थोडं." ती जिन्यात उतरली.

तिथून आवाज आला, "दादा, खर्ड्यालाच जाऊन म्हनू का?"

ते गाणं जिन्यातूनच रेकॉर्ड झालं!

*

तिच्या ओळी मोजायला मी वही घेऊन बसलो होतो. एक ओळ आखूड, दुसरी लांब, तिसरी कशातच बसेना. शेवटी विचारलं, "शेवंता, हे माप कुठलं?"

"मापबीप न्हाई सर. उसाची मोळी बांधताना जेवढा दम पुरतो, तेवढी ओळ."

"मग ही तिसरी एवढी लांब का?"

"ती मोळी आईनं बांधली."

वही मी मिटली. तिची आई कोण, कशी, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

*

तिचं हळदीचं गाणं जिल्हाभर वाजलं. त्या वर्षी डीजेवर ते वाजलं नाही, असं लग्न मला तरी आठवत नाही. बेलापूरला नात्यातल्या लग्नाला ती गेली होती. कर्ण्यांच्या शेजारच्या खोलीत एक बाळंतीण निजली होती, म्हणून शेवंता डीजेवाल्याला सांगायला गेली, "भाऊ, आवाज बारीक कर."

तो म्हणाला, "मावशी, हे गानं बारीक आवाजात वाजवायचं नसतं. गान्यातलं कळतं का काय तुमाला?"

"थोडंफार," ती म्हणाली आणि जाऊन वाढायला लागली.

*

आता माझा किस्सा. हा सांगताना कुणी हसत नाही.

एका सुट्टीला ती म्हणाली, "आई गुनगुनायची ते म्हनू का?" आणि तिने वाद्याशिवाय म्हटलं:

"निज निज बाळा, उसाच्या सावलीला
कोयता थांबंना, पान्हा फुटं माउलीला"

अशी आठ कडवी. बबनने डोळे पुसले. मग नेहमीचा प्रश्न विचारला, "गीतकार म्हनून काय टाकू?"

"आई म्हनती ते. आईचंच आसंल," शेवंता म्हणाली.

आणि मी, डॉक्टरेट मिळवलेला माणूस, तिला समजावून सांगू लागलो, "आई म्हणते म्हणजे आईने रचलं असं होत नाही. अशा ओव्या पिढ्यान्‌पिढ्या चालत येतात. त्यांना कर्ता नसतो." मी माझ्या प्रबंधातली दोन उदाहरणंही दिली. ती नीट ऐकत होती. मोठ्या माणसाचं ऐकावं तसं.

बबनने टाइप केलं, ‘गीत : पारंपरिक’.

त्या गाण्याने शेवंताचं नाव झालं. आणि त्या महिन्यापासून गजराबाई, म्हणजे तिची आई, तिच्याशी बोलायची बंद झाली. शेजारच्या सुनेने मोबाईलवरचं नाव वाचून दाखवलं होतं. गजराबाईंनी विचारलं, "पारंपरिक म्हंजी?" सून म्हणाली, "म्हंजी कुनाचंच न्हाई."

*

दोन हंगाम असेच गेले. शेवटी बबनच्या टेम्पोतून आम्ही तिघं खर्ड्याला गेलो. गजराबाईंनी मला पाट दिला, बबनला पाट दिला. शेवंता उभीच.

"सर, तिला म्हनावं च्या घे."

मी म्हणालो, "शेवंता, चहा घे."

"सर, आईला म्हनावं घेते."

असा निरोप्या होऊन मी अर्धा तास बसलो. मग हात जोडले. "चूक माझी आहे, बाई. तिची नाही. नाव बदलू, तुमचं टाकू."

गजराबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "माझं लेकरू पारंपरिक न्हाई," त्या म्हणाल्या. "हिच्या आधीचं. उसाच्या फडातच झालं आन बारशाच्या आत गेलं. नाव ठिवायला आत्या लागती. आत्या दुसऱ्या टोळीत हुती. ते गानं त्याच्या कानासाठी हुतं. आता साऱ्या जगाच्या कानात गेलं, पर त्याच्या कानात त्याचं नाव कुनी घेतलं न्हाई."

शेवंताला हे माहीत नव्हतं. ती खाली बसली.

गजराबाई माझ्याकडे वळल्या. "गानं पुन्ना भरा. पर आधी बारसं."

*

आत्याबाई बेलापूरला मुलाकडे असायच्या, पाठीत वाकलेल्या. बबनने त्यांनाही आणलं. टेम्पोत पुढे गजराबाई आणि आत्याबाई, मागच्या हौद्यात शेवंता आणि मी. मायलेकी एका गाडीत, पण एका बाकावर नाहीत.

स्टुडिओत आत्याबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "कान कुटं हाय?"

बबनने माइक खाली ओढून त्यांच्या तोंडाशी आणला. "हा कान, आत्या."

एरवी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला माइकवर टिचकी मारायची सवय. आत्याबाईंनी पदर पुढे घेतला आणि माइक दोन्ही हातांत धरला, तान्ह्या बाळाची मान सावरावी तसा.

गजराबाई म्हणाल्या, "पुरुषांनी भाईर जावा." बबनने रेकॉर्डिंग चालू केलं आणि आम्ही जिन्यात जाऊन उभे राहिलो. आतलं काही ऐकू आलं नाही. दार उघडलं तेव्हा गजराबाई कुणाकडेही न बघता खाली उतरल्या. शेवंता भिंतीला टेकून होती, चेहरा पदरात. मी विचारलं नाही.

मग तिने गाणं पुन्हा म्हटलं. पहिल्या सुराच्या आधी बबनने आत्याबाईंची ती कुजबुज बसवली, फक्त नावापुरती, कुणालाही ऐकू जाणार नाही इतकी बारीक. गजराबाईंची अटच तशी होती. खाली टाकलं, ‘गीत : गजराबाई’.

पुढच्या हंगामाआधीच गजराबाई गेल्या. शेवंता पुण्याला राहायला गेली, मोठी झाली. मी तिला कार्यक्रमांत दोनदा भेटलो. दोन्ही वेळा तोंडाशी आलेला प्रश्न गिळला. माझ्या एका शब्दापायी एक आई लेकीशी न बोलता गेली, असंच मी धरून चाललो. किस्से सांगायचो तेव्हा हा इथेच थांबवायचो.

*

मागच्या दिवाळीनंतर बबनने स्टुडिओ बंद केला. जुना कॉम्प्युटर विकायच्या आधी त्याचा फोन आला, "सर, बारशाची आख्खी फाईल हाय. मी नावापाशीच कापली हुती. फुडचं बायकांचं, म्हनून ऐकलं न्हाई. तुमी या."

गेलो. बबनने तो जुनाच हेडफोन माझ्या कानावर चढवला. नाव आलं. ते मी लिहिणार नाही. मग आत्याबाईंचं लांबलचक "कुर्रर्र". बारशात त्यावर आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, तसे धपाटे ऐकू आले. पहिला जोराचा.

आणि लगेच गजराबाईंचा आवाज, "हळू गं शेवंते, म्हातारी हाय ती!"

मग तिघींचं हसू.

मी बबनला ते पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं. तसंच आहे.