तीन पाळ्यांचं जेवण

औषधाच्या बाटल्या भरण्याच्या कारखान्यात ती पाळीची सुपरवायझर होती. हाताखाली चाळीस बायका, आणि त्या सगळ्या पाठीमागे तिला घड्याळबाई म्हणायच्या. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. बाटल्यांचा सरकता पट्टा एक मिनिटही थांबू नये म्हणून तिने डब्याची सुट्टी तीन तुकड्यांत वाटून दिली होती. साहेबांनी त्याबद्दल चारचौघांत तिचं कौतुक केलं, आणि तिथेच माशी शिंकली. ते कौतुक ती घरी घेऊन आली.

घरी संध्याकाळी सातला नुसता बाजार भरायचा. थोरलीला भाताला भाजी लागलेली चालत नसे. धाकटा पाण्याचा एक पेला सांडल्याशिवाय जेवण सुरू झालं असं मानतच नसे. सासरे, म्हणजे आबा, टपालखात्यातून निवृत्त झालेले. पुरात वाहून गेलेल्या टपालाच्या पिशवीची त्यांची गोष्ट नेमकी दोन्ही पोरं रडत असताना रंगात यायची. नवरा वाचनालयात कारकून. पाचला घरी यायचा, म्हणून स्वयंपाक त्याचाच. एका हाताने वाढत, दुसऱ्याने पुसत तो मध्येच आबांना विचारायचा, "मग पुढे?" विचारायची काही गरज नव्हती, गोष्ट त्याला तोंडपाठ होती.

एका संध्याकाळी धाकट्याचा पेला तिच्या महिन्याच्या अहवालावर सांडला आणि सगळी शाई पसरली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काय काय बोलली ते सांगण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या एका फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर तिने तक्ता आखला. साडेसहाला आबा, सव्वासातला मुलं, साडेआठला दोघं नवराबायको.

नवऱ्याने तक्ता वाचला. चष्मा काढून पुसला.

"आबा एकटेच?"

"निवांत जेवता येईल की त्यांना."

"बरं," तो म्हणाला. "तू फार दमतेस, हे मात्र खरं." फ्रीजवर तक्ता त्यानेच चिकटवला आणि रोज तीनदा वाढायचं कामही आपल्याच गळ्यात घेतलं. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं शेजारणी म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं. गोंधळ आठवड्याभरात थांबला. पेलेसुद्धा सांडेनासे झाले.

वर्षभराने तिला रात्री आठला सुटणारी पाळी मिळाली होती; एकदा कारखान्यातलं यंत्र बिघडलं आणि ती लवकर घरी आली. सव्वासात वाजून गेले होते. मुलं जेवायला बसली होती आणि आबाही तिथेच. ताट केव्हाच रिकामं झालेलं, बोटं खरकटीच वाळलेली, आणि गोष्टीतली टपालाची पिशवी नुकतीच पाण्यात पडली होती. धाकटा घास हातात धरून ऐकत होता.

"आबा, तुमची वेळ संपली ना?" ती म्हणाली. आवाज कारखान्यातलाच, बदलायचं तिच्या लक्षातही आलं नाही.

आबा लगबगीने उठले. "उठतच होतो, सूनबाई." कामचुकारपणा करताना पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. नवऱ्याने त्यांचं ताट उचललं. त्यानंतर आबा पावणेसातलाच खोलीत जाऊ लागले. आणखी तीन वर्षं ते असे एकटे जेवले आणि मग गेले.

आता ती स्वतः निवृत्त झाली आहे. दिवस खायला उठतो आणि ते "उठतच होतो" मनातून जात नाही. माफी मागायची तर कुणाची मागायची? शेवटी एकदा तिने नवऱ्यालाच धारेवर धरलं. "तुम्ही मला तेव्हा अडवलं का नाही?"

"तू घरात हसायला लागली होतीस," तो म्हणाला. "मला तेवढं हवं होतं. आबांना काय वाटतंय ते मला रोज दिसत होतं गं. मी गप्प बसलो."

तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. या माणसाने जन्मभर तिचं ओझं उचललं आणि आता अपराधाचाही अर्धा वाटा उचलू पाहत होता. तो वाटा त्याला द्यायला ती तयार नव्हती.

परवा संध्याकाळी थोरली आली. तिचंही आता लग्न होऊन दोन मुलं आहेत. तिघं जेवायला बसली तेव्हा ती मोठ्या कौतुकाने म्हणाली, "आई, मीही तुझाच तक्ता लावलाय. सासूबाई साडेसहाला, मग मुलं. घर कसं शांत झालंय."

आईने हातातला घास ताटात परत ठेवला. "त्यांना मुलांबरोबर बसव."

"अगं, पण त्यांची काहीच तक्रार नाही."

"आबांचीही नव्हती."

"मग झालं तर," लेक म्हणाली.

नवऱ्याने वाढायचा डाव खाली ठेवला. तो काही बोलणार, तेवढ्यात तिने त्याला हातानेच थांबवलं आणि त्या संध्याकाळचं सगळं लेकीला स्वतः सांगितलं. आबांची वाळलेली बोटं, आपला आवाज, काही न वगळता. लेक ऐकत राहिली. मग तिने फोन हातात घेतला, घरचा नंबर काढला आणि वेळ पाहिली. सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आता जेवून खोलीत गेल्या असतील त्या," ती म्हणाली.