आप्पाचा मान आणि काशीरामकाकाचे राजे

हजार वर्षांपूर्वीचे स्कॉटलंडचे राजे ओळीने सांगणारा आमच्या वाडीत एकच माणूस आहे, काशीरामकाका. तो बोटीवर खलाशी होता. एकदा त्याची बोट दुरुस्तीसाठी तिकडच्या ॲबर्डीनच्या बंदरात अडकली आणि तिथल्या एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याने त्याला या राजांच्या भानगडी ऐकवल्या. बाकीचे खलाशी येताना अत्तरं घेऊन आले. काका जळफळाट घेऊन आला. तो त्याच्यात आधीपासून होताच म्हणा, पण तिकडे त्याला राजघराण्याचा आधार मिळाला.

जळफळाट होता गाऱ्हाण्याच्या मानावरून. शिमग्यात पालखी सहाणेच्या चौथऱ्यावरून उठण्याआधी मानकरी देवासमोर उभा राहून गावासाठी मागणं मागतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतो. हा मान मरेपर्यंतचा. मग तो मुलाकडे न जाता चुलत घराकडे जातो. वरच्या घरचा मानकरी गेला की खालच्या घरचा थोरला, तो गेला की परत वरचं घर. सध्या मान होता वरच्या घरच्या आप्पाकडे. खालच्या घरचा थोरला काका, म्हणजे पुढची पाळी त्याची. आप्पा त्याचा चुलत भाऊ, वयाने थोडा मोठा, आणि काकाच्या मते त्याच्यात एकच खोट होती: तब्येत ठणठणीत.

"तिकडे पण अशीच दोन घरं," काका आम्हाला सांगायचा. "आज ह्या घरचा राजा, उद्या त्या घरचा. पुढचा कोण ते आधीच ठरलेलं."

"मग तो पुढचा गप वाट बघायचा?" आम्ही मुद्दाम विचारायचो.

"वाट कसली बघतोय. कापाकापी."

एवढं बोलून काका वरच्या घराकडे बघत बसायचा. खून त्याच्या हातून होण्यातला नव्हता, त्याच्या घरी फणससुद्धा कमळाकाकू फोडते. पण आप्पाच्या रक्तात थोडी साखर होती. म्हणून काका दरसाल मे महिन्यात आंबापोळीचा डबा नेऊन द्यायचा. आप्पा तो प्रेमाने संपवायचा, दोन फेऱ्या जास्त चालायचा आणि पुढच्या शिमग्याला परत खणखणीत गाऱ्हाणं घालायचा.

मग काकाने कॉन्स्टंटाइन काढला. "चाळीसेक वर्षं राज्य केलं, आप्पा. मग आपण होऊन गादी चुलतघरच्या माल्कमला दिली नि मठात जाऊन बसला."

"गुडघे दुखत असतील बिचाऱ्याचे," आप्पा म्हणाला. "माझे नाय दुखत."

काका रोज सकाळी न्हाणीत सराव करायचा. गाऱ्हाण्यात होऊन गेलेल्या मानकऱ्यांची नावं घ्यावी लागतात. आपली पाळी येईल तेव्हा आप्पा त्यांच्यातच असणार, या हिशेबाने काका त्याचंही नाव घ्यायचा.

"अहो, तो माणूस आत्ता ओट्यावर चहा पितोय," काकू बाहेरून सांगायची.

"जिभेला सवय असलेली बरी."

यंदा मुंबईहून आप्पाचा मुलगा दीपेश आला आणि बापाचं गाऱ्हाणं मोबाईलमध्ये भरून घेऊ लागला. काकाने भाताचं ताट बाजूला सारलं. "दुसऱ्या माल्कमने हेच केलं," तो काकूला म्हणाला. "पाळी मोडली नि मुलीच्या मुलाला बसवला. आमचं घर संपलं बघ."

शिमग्याला आप्पाचा घसा बसला होता. अर्ध्या गाऱ्हाण्यात त्याला ठसका लागला तो थांबेना. घातलेलं गाऱ्हाणं अर्धवट टाकता येत नाही. दीपेश मोबाईलमध्ये भरलेलं गाऱ्हाणं शोधेपर्यंत काका पुढे सरला आणि जिथे तुटलं होतं तिथून त्याने उचललं. आवाज असा लागला की ढोलवालेसुद्धा बघत राहिले. शेतं झाली, होड्या झाल्या, मुंबईची पोरं झाली. मग नावं आली.

"आणि पाठीमागं होऊन गेलेले आमचे आप्पा, त्यांच्या आत्म्याला थारा दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळं गाव म्हणालं. सवयीने आप्पाही म्हणाला.

सहाणेवरचे सगळे आधी आप्पाकडे, मग गुरवाकडे बघू लागले. शेवटी गुरव म्हणाला, "देवासमोर झालं. गावाने होकार दिला. आता मागे कसं घ्यायचं?"

"आणि मी पण दिला ना होकार," आप्पा घसा खाकरत म्हणाला. "मेलेल्याने मान कसा मिरवायचा? घे रे काशीराम, तुझा तो."

असा काका मानकरी झाला. पण सुख लागेना. मेल्यापासून आप्पा मजेत आहे. ना मानकऱ्याचे उपास, ना कोणाच्या भांडणात बसणं. दीपेश मुंबईहून आला की त्याच्या गाडीवर मागे बसून, गॉगल लावून आप्पा आरे-वारेच्या किनाऱ्यावर वारा खायला जातो. काका ओट्यावरून बघतो आणि आतल्या आत करपतो.

मे महिन्यात आप्पा डबा घेऊन खाली आला. "पावस गावची आंबापोळी हाय. खास तुझ्यासाठी आणली."

"मला साखर नाय, आप्पा."

"होईल. घाई कोणाला हाय."

काकाने अजून तो डबा उघडलेला नाही. काकानंतर पाळी परत वरच्या घराची, आणि तिथे आता मेलेल्या आप्पाच्या खालोखाल दीपेशच. तो सुट्टीला आलाय आणि सकाळी त्यांच्या न्हाणीतून गाऱ्हाण्याचा आवाज येतो. कोणाकोणाची नावं घेतो ते ऐकायला काका कुंपणाला कान लावून उभा असतो.