दोरीला हात, माशात वाटा

सत्यवान मेतरला आयुष्यात एकच कायदा पाठ होता. रापणीच्या दोरीला ज्याचा हात लागला, त्याला माशात वाटा. होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरून येते, जाळ्याची दोन्ही टोकं किनाऱ्याला लागतात आणि मग दोरी धरून माणसं ओढायला लागतात. त्यात कोण कोण आहे हे कोणी विचारत नाही. गावात आलेला जावई असो, फोटो काढता काढता हात लावलेला पर्यटक असो, नाहीतर कुंपणाच्या गडग्यावरून ज्याच्याशी परवाच तोंडातोंडी झाली तो शेजारी असो; जाळं वर आलं की त्याच्या नावाचा ढीग वाळूत पडतोच. जाळं रिकामं आलं तर रिकाम्यातला वाटा मिळतो, पण मिळतो.

तारकर्लीच्या अलीकडच्या त्या वाडीत हे वाटे घालायचं काम सत्यवानाकडे होतं. तो स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी उचलायचा, आणि त्यावरून त्याची बायको मथुरा त्याला रोज बोलायची. त्यामुळे वाटणीत लबाडी नाही याची खात्री वाडीला त्याच्याच घरातून, मोठ्या आवाजात मिळत असे.

त्याचं दुसरं वेड फुटबॉलचं. भरती ओसरली की ओल्या वाळूत दोन मोडकी वल्ही रोवायची, मागे रापणीचं फाटकं जाळं टांगायचं, झाला गोल. तरुणपणी सत्यवान चांगला गोलकीपर होता. एकदा सावंतवाडीला सामना खेळायला गेला. मैदान उन्हाळ्यातलं, तापून दगड झालेलं, आणि याला सवय वाळूत झेपावण्याची. चेंडू अडला, पण खांद्याचं हाड गेलं. ते बसवणाऱ्यानं जरा घाईत बसवलं असावं, कारण तेव्हापासून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली राहिला. मथुरा सांगायची, "हार घालताना माका वाटला, घोव लाजता, म्हणान वाकडो उभो आसा. मागसून कळला, तो तसोच आसा."

त्या खांद्यातून सत्यवानाला एक विद्या मिळाली होती. गोलकीपरनं आधी पडायला शिकलं पाहिजे. चेंडू नंतर.

शेजारच्या शर्मिलेचा विनीत त्याच्या हाती लागला तो असा. पोरगा लांब हाताचा, बोलायला गोड, आणि अभ्यासात यथातथाच. सत्यवानानं पावसाळा सरल्यावर कितीतरी दिवस त्याला चेंडू दिलाच नाही. नुसता धक्का द्यायचा आणि पाडायचा.

"कुत्रो निजताना कसो पडता, बघलंस? आधी कंबर, मग कूस, मग खांदो. हात सगळ्यात मागसून, आणि तो चेंडवासाठी. जमनीसाठी नाय."

"काका, चेंडू कधी?"

"आधी पडूक शिक. चेंडू खंय पळान जाता?"

विनीत पडायला शिकला. मग अडवायला शिकला. गोव्यातल्या एका क्लबानं निवड चाचणी ठेवली तेव्हा सत्यवान त्याला घेऊन गेला. रापण भर मोसमात होती आणि त्या दिवशी पहिल्यांदाच वाडीत वाटे दुसऱ्या कोणी घातले. त्यावरून भांडण झालं, ते परतल्यावर सत्यवानानंच मिटवलं. पण पोरगा क्लबात लागला होता. मग काय, वाडीतल्या कुठल्याही बैठकीत सत्यवान शिरला की लोक सरकून जागा द्यायचे, आणि विनीतची गोष्ट सुरू झाली की हळूहळू उठायचे.

अशात गोव्यात मोठे खेळ भरले. कितीतरी देशांचे मिळून. धावणं, पोहणं, कुस्ती, असं पुष्कळ. त्यात पुरुषांचा फुटबॉल, आणि आपल्याकडच्या संघात गोलकीपर म्हणून विनीतचं नाव. त्याचा फोन सत्यवानाला आला तेव्हा तो जाळ्यातलं शेवाळ काढत होता.

"काका, घरच्यांसाठी दोन पास गावतत. एक आयेक, एक तुमका."

"माका कित्याक रे? तुझे मामा आसत, मावशी आसा."

"दोरीक हात कोणाचो लागलो, काका?"

सत्यवानानं फोन मथुरेकडे दिला आणि मथुरेनं विनीतला जेवलास काय, हे विचारून घेतलं.

त्यानंतरचे दिवस वाडीला जड गेले. सत्यवानाला बाकी काही नको होतं. स्टेडियमात बसून, परदेशी संघासमोर, आपण पाडलेला पोरगा कसा पडतो ते बघायचं होतं. आणि कोणी विचारलंच, तर पोरानं आपलं नाव घ्यावं. पण हे दुसरं तो कोणाला सांगत नसे. तिठ्यावर भेटेल त्याला पासाचं मात्र सांगे.

"अजून हातात पडाक नाय पास," मथुरा म्हणाली. "जाळा वर येवच्या आधी वाटे घालतास तुमी."

तरी सामन्याच्या सकाळी तिनं बांगड्याचं तिखलं केलं, विनीतला आवडायचं तसं तिरफळं घालून, आणि माहेरच्या स्टीलच्या डब्यात भरून दिलं. "डबो परत हाडा," एवढंच बजावलं.

शर्मिला आदल्या दिवशीच भावाच्या गाडीतून गेली होती. त्या गाडीत जागा नव्हती. मंगेशचा टेम्पो मात्र मासे घेऊन मडगावला जायचाच होता. मंगेश सत्यवानाचा लहानपणचा मित्र, आणि त्याच्या तोंडाला लहानपणापासूनच कुंपण नव्हतं.

"इस्त्रीचो शर्ट? सोयरीक बघूक चल्लंस?"

"गप गाडी चालय."

"नाय, मी म्हणतंय, बर्फाच्या पेटयेर बसून इस्त्री ऱ्हवतली काय? फुडे बस. आज तू व्हीआयपी."

पुढच्या सीटवर मांडीवर डबा घेऊन सत्यवान मडगावपर्यंत ताठ बसून राहिला. एका बाजूला थोडा कमी ताठ, पण ते खांद्यामुळे.

विनीतनं स्टेडियमच्या फाटकापाशी थांबायला सांगितलं होतं. थांबला. संघाची बस आली, आत गेली. बऱ्याच वेळानं विनीत बाहेर आला. अंगात संघाचा कोट, केस नवीनच कापलेले. बरोबर क्लबातले एक मोठे गृहस्थ होते, गळ्यात ओळखपत्र लटकवलेले. सत्यवानानं डबा वर धरला.

विनीत म्हणाला, "अरे, तुम्ही? तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात?"

सत्यवानानं मागे वळून बघितलं. असं मराठी वाडीत कोणी कोणाशी बोलत नाही. ते तलाठ्याकडे, बँकेत, नाहीतर लग्नपत्रिकेत असतं. मागे कोणी नव्हतं.

"हे कोण?" गृहस्थांनी विचारलं.

विनीत थोडा थांबला. अगदी थोडा. "आमच्या गावचे आहेत. घरी मासे घालतात."

यात खोटं काहीच नव्हतं. शर्मिलेच्या घरी सत्यवान रापणीचे मासे रोजच घालत होता, आणि पैसे घेत नव्हता.

"पासाचं जरा..." विनीत त्याच्याकडे न बघता म्हणाला, "सरांचे पाहुणे आले ऐनवेळी. तुम्ही समजून घ्याल."

"हो," सत्यवान म्हणाला. त्याच्याही तोंडून कचेरीतलंच मराठी आलं.

गृहस्थांना तिरफळाचा वास आला असावा. ते म्हणाले, "वा, फिश करी?" आणि विनीतनं डबा घेतला. फाटक लागलं.

मंगेश पेट्या उतरवून टेम्पोत बसला होता. सत्यवान परत येऊन शेजारी बसला तेव्हा त्यानं काही विचारलं नाही. मंगेशच्या आयुष्यात असं क्वचितच घडलं असेल.

शेवटी तोच म्हणाला, "तिकीट काढूया?"

"नको."

"मग मोबाईलार बघूया. हयसरच."

स्टेडियमच्या भिंतीला लागून टेम्पो उभा, आणि त्यात दोन माणसं एका मोबाईलवर पलीकडचाच सामना बघतायत. मोबाईल मागे पडत होता. आधी भिंतीपलीकडून गर्जना यायची, मग थोड्या वेळानं मोबाईलमध्ये चेंडू पोचायचा. त्यामुळे काय घडणार ते कानांना आधीच कळलेलं असे, डोळ्यांना मागाहून.

समोर आफ्रिकेतला एक संघ होता, उंच आणि चपळ. आपल्या पोरांनी एक गोल केला आणि मग नुसता बचाव करत राहिली. अगदी शेवटी पेनल्टी मिळाली ती त्यांना. मोबाईलमध्ये विनीत दोन खांबांच्या मधे उभा होता, गुडघे वाकवून, हात लांबवून. त्यांचा खेळाडू अजून चेंडू ठेवत होता, आणि भिंतीपलीकडे आभाळ कोसळल्यासारखा आवाज झाला.

"अडयल्यान," सत्यवान म्हणाला. "आता बघ कसो पडता तो."

मोबाईलमध्ये चेंडू निघाला. विनीत डावीकडे गेला. आधी कंबर, मग कूस, मग खांदा. हात चेंडूवर. सत्यवानाचा स्वतःचा खांदा टेम्पोच्या दाराला जाऊन लागला.

"तुझोच पोरगो," मंगेश म्हणाला, आणि या खेपेला त्यात टोमणा नव्हता.

सामना जिंकला. मैदानातच एका बाईनं विनीतपुढे माईक धरला. मराठी वाहिनीची होती. तिनं नेमकं तेच विचारलं, जे कोणीतरी विचारावं म्हणून सत्यवान इतके दिवस जगत होता. म्हणाली, "ही पडायची पद्धत फार वेगळी आहे. कुठे शिकलात?"

टेम्पोत सत्यवानानं शर्टाची कॉलर नीट केली. कोण बघणार होतं कोण जाणे.

"आमच्या गावात शिकवायला कोण होतं?" विनीत हसून म्हणाला. "एकटाच वाळूत पडत असायचो. मला घडवलं ते सरांनी." शेजारी ते गृहस्थ उभे होते. विनीतनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मंगेशनं मोबाईल खिशात घातला. "बॅटरी गेली," म्हणाला. वाटेत त्याच मोबाईलवर त्याला तीन फोन आले आणि तिन्ही वेळा तो सत्यवानाकडे न बघता बोलला.

वाडीत मुलाखत सगळ्यांनी बघितलेली होती. इतके दिवस ऐकून घेतल्याचा सूड लोकांना आयताच मिळाला. "काय रे सत्यवाना, समुद्रार तो एकटो पडा होतो, तेव्हा तू खंय होतंस?" तिठ्यावर कोणीतरी विचारलं. सत्यवान म्हणाला, "हयसरच होतंय. दिसूक नसतलंय." लोक हसले, आणि पुढे कोणी विषय काढला नाही. तेही त्याला लागलंच.

मथुरेनं एकच विचारलं. "डबो खंय?"

"तेच्याकडे."

"माझ्या म्हायेरचो डबो," ती म्हणाली, आणि दोन दिवस भांडी आपटत राहिली. पासासाठी, मुलाखतीसाठी ती एक शब्द बोलली नाही. डब्यासाठी मात्र तिनं विनीतच्या सात पिढ्या काढल्या.

सत्यवानानं वल्ही उपटून होडीत टाकली. फाटकं जाळं कोणाच्यातरी केळींना बांधायला दिलं.

खेळ संपले, पोरांना पदक मिळालं, आणि महिन्याभरानं विनीत वाडीत आला. देवळात सत्कार झाला. शाल, नारळ, भाषणं. सत्यवान मागच्या रांगेत बसला आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या सकाळी विनीत किनाऱ्यावर आला, ती शाल खांद्यावर घेऊनच, बरोबर वाहिनीचा एक तरुण कॅमेरा घेऊन. रापण लागलेली होती. त्या तरुणाला गावाकडचा विनीत पाहिजे होता, म्हणून विनीतनं दोरी धरली. थोडं ओढल्यासारखं केलं, हसला, कॅमेऱ्याकडे बघितलं, सोडली.

"काका, या ना फोटोत," तो म्हणाला.

"मी माशेवालो," सत्यवान म्हणाला. "माका माशे वाटूचे आसत."

विनीतचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात कोणी नव्हतं.

जाळं वर आलं. बांगडा बरा पडला होता, थोडे पेडवे. सत्यवान वाळूत ढीग घालत गेला, ओढणाऱ्यांच्या नावानं एकेक. सगळे सारखे. मग एक ढीग जास्तीचा घातला, तोही तेवढाच. ना बांगडा कमी, ना जास्त.

"विनीत शर्मिला," त्यानं हाक दिली, इतरांना देत होता तशीच.

विनीत जवळ आला. आता त्याचं मराठी कचेरीतून वाडीत परतलं होतं. "काका, माका कित्याक? मी फोटवापुरती धरलंय दोरी."

"हात लागलो मा?"

"लागलो, पण..."

"मग वाटो तुझो. हयसर तसाच आसा." सत्यवानानं ओंजळभर बांगडे उचलले. "डब्यात घाल. डबो हाडलंस मा?"

विनीत उभा राहिला. त्या डब्याचं काय झालं ते त्याला बहुधा आठवतच नव्हतं. मागे रांगेत माणसं आपल्या वाट्यासाठी खोळंबली होती. शेवटी त्यानं खांद्यावरची शाल काढून पुढे धरली. सत्यवानानं त्यात वाटा ओतला, खाली पडलेला एक पेडवा उचलून तोही त्यातच टाकला, आणि पुढच्या माणसाचं नाव घेतलं.

कॅमेरेवाल्या तरुणानं विनीतला विचारलं, "हे कोण?"

विनीतनं काय सांगितलं ते ऐकायला सत्यवान थांबला नाही. वाटे संपले होते. त्यानं उरला तो आपला ढीग उचलला आणि मथुरेची बोलणी खायला घराकडे निघाला, एक खांदा खाली टाकून.