बोर्डावरचा मामा

आमचा मामा नळ दुरुस्त करायचा. पोट सुटलेलं, आवाज दणदणीत, आणि सिंकखाली शिरला की अर्धा मामा बाहेरच राहायचा. त्यावरून घरोघरी थट्टा चालायची आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा.

एकदा बाजारात फुकट वजन तपासायचा मंडप लागला. फुकट म्हटलं की मामा पुढं. शर्ट काढून काट्यावर उभा राहिला, कुणीतरी फोटो काढला, कसल्याशा कागदावर सही घेतली. थोड्याच दिवसांत मामा चौकातल्या भल्यामोठ्या बोर्डावर चढला. उघडाबंब, घामेजलेला, तोंड वेडंवाकडं. वर लिहिलेलं ‘आधी’. शेजारी भलताच कुणी सडपातळ गडी दात काढून उभा, त्याच्यावर ‘नंतर’. खाली पावडरीचा डबा आणि फोन नंबर. मग बसच्या पाठीवर मामा, लिफ्टमध्ये मामा, दवाखान्याच्या भिंतीवरही मामा. मोबाइलवर बातमी वाचायला घ्यावी, तर तिच्या डोक्यावर मामा बसलेला. मला शिसारी यायची. कामाला जाईल तिथली पोरं ‘आधीकाका आले!’ म्हणून ओरडायची. आता मात्र तो हसत नव्हता. “माझं तोंड तेवढं खाली उतरवा,” एवढंच त्याचं मागणं. कंपनीवाले सही दाखवायचे.

पुढं मामाला पोटाचा कॅन्सर झाला. बघता बघता अंगावरचं मांस गळालं, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. आणि लोक? लोक त्याला रस्त्यात अडवून पाठ थोपटू लागले.

“गुण आला की हो पावडरीचा!”

“अहो, मला कॅन्सर झालाय.”

“आम्हाला नका बनवू. किती डबे लागले ते सांगा.”

शेजारणीनं तर डबा आणलासुद्धा. समोर उभा असलेला माणूस खोटा आणि बोर्ड खरा, इतकी सगळ्यांची अक्कल गहाण पडलेली. थू!

शेवटी कंपनीचा माणूस घरी आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी. अंथरुणावरचा मामा बघून त्याचा चेहराच खुलला.

“काका, आता ‘नंतर’लाही तुम्हीच! अस्सल माणूस म्हटल्यावर लोकांचा विश्वास बसतो.”

मामा कसाबसा उठून बसला. “काढ फोटो. पण खाली कॅन्सर लिहायचं.”

“तेवढं नाही हो लिहिता येणार, काका.”

मामीनं फळांची पिशवी त्याच्या अंगावर भिरकावली आणि त्याला दाराबाहेर काढलं. मला तर त्याला जिन्यावरून ढकलावंसं वाटत होतं.

मामा गेला. बोर्ड तिथंच. मामी बाजाराला जाताना लांबचा रस्ता धरते. एक दिवस मन घट्ट करून तिनं बोर्डावरच्याच नंबरला फोन लावला.

“माणूस गेला गं आमचा. आता तरी फोटो उतरवा.”

“ऐकून वाईट वाटलं, मॅडम,” पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. “तुमचं स्वतःचं वजन किती आहे?”

तेव्हापासून मामीला रोज फोन येतो, नेमका जेवताना. नंबर ब्लॉक कर म्हणून मी कानीकपाळी ओरडतोय. ती ऐकत नाही. हातातला घास ताटात ठेवते, फोन उचलते आणि रोजच्या नव्या मुलीला सगळं पहिल्यापासून सांगते. त्यांतली एखादी तरी फोटो उतरवायला लावेल, असं तिला वाटतं. पलीकडची शेवटपर्यंत ऐकून घेते आणि मग डब्याची किंमत सांगते.