मोटारीचा आवाज

पाण्याच्या मोटारीची घरघर ऐकली की बावड्याच्या मळ्यातली ती दुपार आठवते. नात गिटारला डिजिटल अँप जोडून मेटल बँडसाठी आवाज जुळवत होती. संध्याकाळपर्यंत रेकॉर्डिंग पाठवायचं होतं. मी तेव्हा मोटारींची डॉक्टरच! घरघर ऐकली, विहिरीवरच्या मोटारीचं बेअरिंग गेलं म्हणाले आणि धावत जाऊन मेन स्विच पाडला. "आज्जी, गिटारचा आवाज होता तो! सेव्ह केला नव्हता गं!" नात रडकुंडीला आली. "मग लाव परत. मला पाठ हाय त्यो आवाज." ती अँपवरचा गेन वाढवी, बास कमी करी, मी आपली न्हाय, न्हाय म्हणे. एकदा मात्र दचकून स्विचकडं पळाले. "हाच!" ओरडत तिनं सेव्ह केलं. अजूनही नवा आवाज जुळवताना ती मला समोर बसवते, आणि स्विचपुढं आधी खाट आडवी लावते.